आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली जपानी तलवार: कोरलेलं नाव सगळ्यात शेवटी वाचा

तुमचा प्रश्न वाचला, पाचही फोटो मोठे करून पाहिले. आजोबा मराठा पलटणीत होते आणि १९४६ साली ब्रह्मदेशातून परतताना ही तलवार त्यांच्यासोबत आली. पातं ६४ सेंटिमीटर, मुठीवर दोरीची वीण, लाकडी म्यानावर चामड्याचं आवरण. मूठ काढल्यावर आतल्या दांड्याला दोन भोकं दिसली आणि कोरलेली अक्षरं मोबाइलच्या अ‍ॅपने ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ अशी वाचली. एका ओळखीच्यांनी पाचशे वर्षांची सामुराई तलवार म्हणून अभिनंदन केलं, तर दुसऱ्यांनी युद्धकाळातला कारखान्याचा माल म्हणून मोडीत काढली. कोणाचं खरं मानायचं, आणि येत्या खंडेनवमीला तिला लिंबू-राखेने घासून लख्ख करायची का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे. अजिबात घासू नका. लिंबू नको, चिंच नको, राख नको, पितळ चमकवायचं पॉलिश नको, सँडपेपर तर नकोच. पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू म्यानाला लावा, पात्याला नको. ओलं कुंकू आणि ओली फुलं रात्रभर पात्यावर राहिली तर सकाळी तिथे गंजाचा डाग पडलेला असतो. आणि मुठीच्या आतल्या दांड्याला, म्हणजे नाकागोला, गंजासकट जसा आहे तसाच राहू द्या. तो काळा-तपकिरी गंज हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. घासलात तर तलवारीचा जन्मदाखला पुसला जाईल.

आता मुख्य प्रश्न. माझं आयुष्य पुण्यात पोलादाला पाणी पाजण्याच्या, म्हणजे हीट ट्रीटमेंटच्या कामात गेलं. मधली सहा वर्षं कामानिमित्त नागोयाजवळ राहिलो. तिथून सेकी हे तलवारींचं जुनं गाव जवळ, म्हणून हा नाद लागला. तिथल्या अभ्यासमंडळात एक खेळ चालतो. टेबलावर पाच तलवारी मांडतात, पण प्रत्येकीचा नाकागो कापडात गुंडाळलेला असतो. सही दिसत नाही. नुसतं पातं बघून काळ, प्रांत आणि शेवटी लोहाराचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. बरोबर आलं की गुरुजी ‘अतारी’ म्हणतात. पहिल्या वर्षभरात मी तो शब्द दोनदा ऐकला. पण त्या खेळाने जी शिस्त लावली, तीच तुम्हाला सांगतो आहे. आधी आकार, मग पोलाद, मग नाकागो आणि सगळ्यात शेवटी नाव. तुम्ही सुरुवातच नावापासून केलीत. तुमचे दोन्ही सल्लागारही एकच गोष्ट पाहून बोलले. एकाने सही पाहिली, दुसऱ्याने लष्करी साज.

साजाचं आधी संपवतो. मूठ, हाताचं रक्षण करणारी तबकडी म्हणजे त्सुबा, म्यान हा सगळा पात्याचा पोशाख. पोशाखाचं वय आणि अंगाचं वय एकच असेल असं नाही. आपल्या फिरंगी तलवारी आठवा. पातं युरोपातून आलेलं, मूठ इथली. मुठीवरून पात्याचं वय सांगायला गेलं तर फसगत ठरलेली. जपानी सैन्यात अधिकाऱ्याला तलवार स्वतःच्या पैशांनी घ्यावी लागे. १९३४ आणि १९३८ साली ठरलेल्या लष्करी साजात काहींनी नवं पातं बसवलं, तर काहींनी घरातलं पिढीजात पातं. तुमच्या फोटोत धातूच्या म्यानाऐवजी लाकडी म्यानावर चामडं आहे. पिढीजात पातं रणांगणावर नेताना बऱ्याचदा असंच केलेलं दिसतं. हा इशारा समजा, पुरावा नव्हे. मुठीच्या टोकाच्या टोपीवर चांदीचं छोटं कुलचिन्ह आहे का तेही बघा. असेल तर तलवार एखाद्या घराण्याची असण्याकडे कल जातो.

हवालदार-नाईक पातळीची १९३५ सालची तलवार मात्र पूर्णपणे यंत्रावरची. तिची मूठ बहुधा ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असते आणि वरची दोरी नुसती साच्यात उठवून रंगवलेली असते. पात्यावरच अनुक्रमांक ठोकलेला असतो. तुमच्या मुठीची दोरी खरी आहे, अंक कुठे नाही, म्हणून हा प्रकार बाद. आजकाल बाजारात येणाऱ्या नव्या चिनी नकलाही बाद, कारण त्यांचा नाकागो एक तर चकचकीत तरी असतो, नाहीतर अ‍ॅसिडने एकसारखा नारिंगी केलेला. असा कॉफीच्या रंगाचा, बोटाला गुळगुळीत लागणारा गंज त्यांना जमत नाही.

आता उरल्या दोन शक्यता. एक, १९३५ ते १९४५ च्या दरम्यानचं पातं. दोन, खरोखर जुनं पातं.

युद्धकाळात अधिकाऱ्यांची संख्या इतकी वाढली की पारंपरिक लोहार पुरेनात. मग सेकीसारख्या ठिकाणी गिरणीतल्या पोलादाची पाती घडवून ती तेलात पाजली गेली. त्यांना शोवातो म्हणतात. अशा पुष्कळ पात्यांच्या नाकागोवर, सहीच्या वर किंवा धारेच्या बाजूला, एक छोटा ठोकलेला शिक्का असतो. सेकीचा, शोवाचा किंवा आणखी कुठला. शिक्का दिसला तर तो बहुतेक वेळा ‘पारंपरिक पद्धतीचं नाही’ असंच सांगतो. अपवाद चांदणीच्या शिक्क्याचा. ती सैन्याने नेमलेल्या पारंपरिक लोहारांची खूण, आणि ती पाती संग्राहक आवर्जून शोधतात. तुमच्या फोटोत शिक्का दिसत नाही. पण अर्धा नाकागो सावलीत आहे, म्हणून हे पक्कं धरत नाही.

शिक्का नसला तरी पातं स्वतः बोलतं. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, एकच साधा पिवळा बल्ब ठेवा आणि पातं डोळ्यांच्या रेषेत धरून प्रकाश त्यावरून सरकवा. धारेलगत जी पांढुरकी लाट दिसते ती हामोन. पातं तापवण्याआधी पाठीवर मातीचा जाड थर देतात, धारेवर पातळ. मग पाण्यात बुडवलं की धार झटक्यात थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. त्या दोन्हींची सीमा म्हणजे ही लाट. पाण्यात पाजलेल्या चांगल्या पात्यात ही सीमा म्हणजे ओढलेली रेघ नसते. धुक्यासारखी पांढरी पट्टी असते, तिला निओई म्हणतात, आणि त्यात सुटे चमकते कण दिसले तर ते निए. तेलात पाजलेल्या पात्यात ही सीमा बहुधा निर्जीव, ठोकळेबाज वाटते. नकली पात्यात तर ती अ‍ॅसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते. भिंगाखाली धरली की नुसते ओरखडे. तुमच्या तिसऱ्या फोटोत हामोनची एक बाजू पुसट दिसते आहे, पण पात्याची झिलई इतकी मेली आहे की मी शपथेवर काही सांगणार नाही. यात कोणाचा दोष नाही. ऐंशी वर्षं ब्रह्मदेशातल्या आणि आपल्या पावसाळ्यात काढल्यावर असंच होतं.

म्हणून आकाराकडे येऊ. झिलई गेली तरी आकार राहतो. आणि जपानी तलवारीचा आकार लढाईच्या पद्धतीप्रमाणे बदलत गेला, हे आपलं भाग्य. घोड्यावरून लढणाऱ्या जुन्या योद्ध्यांची ताची लांब, तिचा बाक मुठीजवळ, टोक लहान. १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांच्या सुमारास पाती रुंद आणि दणकट झाली. चौदाव्या शतकात तर ९० सेंटिमीटरच्या पुढची, अवाढव्य टोकाची पाती घडली. त्यांतली बरीचशी पुढे खालून कापून आखूड केली गेली. त्यामुळे ज्यांची सहीच कापली गेली अशी उत्तम पातीही पुष्कळ आहेत. सही नाही म्हणून कमी दर्जाची, हे समीकरण तिथे चालत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात लढाई पायदळाची झाली. कमरेच्या पट्ट्यात धार वर करून खोचायची, एका हाताने उपसून त्याच झटक्यात वार करायची तलवार आली. पातं ६० ते ६५ सेंटिमीटरच्या आसपास, बाक टोकाकडे सरकलेला आणि नाकागो आखूड, कारण मूठ एका हातापुरती. सतराव्या शतकाच्या मध्याला, शांततेच्या काळात, पाती जवळजवळ सरळ झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लोहारांनी जुन्या सगळ्या आकारांच्या नकला सुरू केल्या, आणि आमच्यासारख्यांची खरी पंचाईत तिथे होते.

तुमचं पातं ६४ सेंटिमीटर. टोकापासून, पातं संपून नाकागो सुरू होतो तिथल्या पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजलंत ना? बाकावरून टेप फिरवली असेल तर पुन्हा मोजा. पहिल्या फोटोत बाक टोकाकडे जास्त दिसतो आणि नाकागो पात्याच्या मानाने आखूड आहे. हे तिन्ही मुद्दे सोळाव्या शतकाकडे बोट दाखवतात. दोन भोकांचाही अर्थ लागतो. एक जुन्या मुठीचं, दुसरं लष्करी मूठ बसवताना पाडलेलं. जुन्या भोकाच्या आतल्या कडा गोलसर आणि गंजलेल्या असतात, यंत्राने पाडलेल्या नव्याच्या धारदार, नेमक्या. भिंगातून दोन्हींची तुलना करा.

सोळाव्या शतकाची नक्कल पुढच्या काळात झालेली असू शकते. ती पकडायची कशी? एकदा अभ्यासमंडळात मी एका पात्याला ऐटीत ‘कामाकुरा काळ’, म्हणजे तेराव्या शतकाच्या आसपासचं, असं लिहिलं. गुरुजींनी फक्त एवढंच विचारलं, ‘वजन पाहिलंस?’ पातं हातात जड लागत होतं. ते एकोणिसाव्या शतकातलं निघालं. जुनी तलवार शतकानुशतकं पुन्हा पुन्हा उगाळली जाते आणि दर वेळी थोडं पोलाद जातं. म्हणून जुनं पातं मुठीपासच्या भागात अंगाने उतरलेलं असतं. उलट धारेच्या अगदी मुळाशी, खाचेलगत, दोन-चार सेंटिमीटर धारच लावलेली नसेल, तर पातं फारसं उगाळलेलं नाही, म्हणजे बहुधा उशिराचं. हे बोट न लावता, डोळ्यांनीच पाहा.

आता कुठे नावाची पाळी आली.

ओसाफुने हे बिझेन प्रांतातलं (सहीतलं ‘बिशू’ म्हणजे बिझेनच), आजच्या ओकायामा भागातलं तलवारींचं गाव. सोळाव्या शतकात, अंतर्गत युद्धांच्या धामधुमीत, तिथे अक्षरशः घाऊक उत्पादन चाले. सुकेसादा हे तिथलं सगळ्यात वापरलेलं नाव. हा एक माणूस नव्हे. कित्येक लोहार पिढ्यानपिढ्या याच नावाने सह्या करत होते. पण त्यांची सही करण्याची एक रीत होती, ती आपल्या फार कामाची आहे. खास मागणीच्या पात्यावर ‘बिझेन प्रांतात राहणारा ओसाफुनेचा’ अशी लांबलचक सही, आणि बहुधा लोहाराचं घरगुती नावही, जसं योसोझाएमोन. घाऊक मालावर नुसतं आखडतं ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’. तुमच्या पात्यावर हीच दुसरी सही आहे. म्हणजे ती खरी असली तर पातं सोळाव्या शतकातल्या एखाद्या पायदळ सैनिकासाठी घडवलेलं कामचलाऊ हत्यार आहे, कुठल्या सरदाराचं नव्हे. मला स्वतःला अशी पाती आवडतात. त्यांनी खरोखर लढाई पाहिलेली असते.

सही खोटी असेल का? असू शकते. जपानात नामांकित लोहारांच्या खोट्या सह्यांना ‘गिमेई’ म्हणतात आणि त्यांचा इतिहास तलवारींइतकाच जुना. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, कोतेत्सू या नामांकित लोहाराबद्दल तर तिथे म्हणतातच की कोतेत्सू दिसला की खोटा समजावा. हे ऐकूनही मी एकदा एका जत्रेत एका विक्रेत्याच्या गोड बोलण्याला भुलून कोतेत्सूची छोटी तलवार घेतली. घरी येऊन पाहिलं तर अक्षरांच्या खाचांत गंज नव्हता, भोवतीच्या पोलादावर मात्र होता. सही अंगापेक्षा तरुण! तीच कसोटी तुम्ही लावा. अक्षरांच्या तळाचा गंज आणि आजूबाजूचा गंज सारख्याच रंगाचा, सारख्याच पोताचा हवा. तुमच्या बाबतीत एक गोष्ट दिलासा देणारी आहे. घाऊक मालाची आखडती सही खोटी कोरून फारसं कोणाचं भलं होत नव्हतं. खोटं करणारा मोठं नाव निवडतो.

आणखी एक तपासणी. पातं टोक वर करून धरा, सही तुमच्याकडे. धार डाव्या हाताला आली तर सही कातानाची, म्हणजे धार वर ठेवून खोचण्याच्या तलवारीची. उजवीकडे आली तर ताचीची. सोळाव्या शतकातल्या सुकेसादाकडून पहिलीच अपेक्षित. फोटोवरून धार डावीकडेच वाटते.

दुसऱ्या बाजूला काहीतरी खरडलेलं दिसतं असं तुम्ही लिहिलंय. ते फार महत्त्वाचं, कारण ओसाफुनेचे लोहार तिथे तारीख कोरत. आधी राजवटीचं नाव, मग वर्ष, मग महिना. बहुतेक तारखा दुसऱ्या किंवा आठव्या महिन्याच्या असतात, त्यामुळे ‘आठ’ किंवा ‘दोन’ हा आकडा सापडला की वाचायला धागा मिळतो. उदाहरणार्थ ‘तेनबुन ८’ म्हणजे १५३९. ‘शोवा १८’ निघालं तर त्यात १९२५ मिळवा, १९४३ येतं, आणि मग माझं वरचं सगळं पुराण बाजूला ठेवा. अक्षरं वाचायला घासायची गरज नाही. मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, नाकागोला समांतर धरा. सावल्या पडून अक्षरं वर येतात.

म्हणजे आत्ता इथपर्यंत आलो आहोत: यंत्राची हवालदारी तलवार नाही, आजची नक्कल नाही. लांबी, बाक, आखूड नाकागो, गंज आणि सहीची धाटणी यांची साक्ष आपसात जुळते, आणि ती सोळाव्या शतकातल्या बिझेनच्या घाऊक मालाकडे जाते. पण झिलई मेलेली असल्यामुळे पोलाद आणि हामोन यांची साक्ष अजून घेतलेली नाही. हामोनमध्ये खेकड्याच्या नांगीसारखे फुटलेले आकार दिसले तर सुकेसादाच्या बाजूने मोठा पुरावा. अगदी सरळ, निर्जीव रेघ निघाली तर मी माझा अंदाज मागे घेईन.

किंमत विचारली नाहीत, बरं केलंत. पण झिलई करून घ्यावी का, हा विचार तुमच्या मनात येणारच. हे काम तोगिशी, म्हणजे प्रशिक्षित झिलईकार, एकामागून एक दगडांवर आठवडेच्या आठवडे करतो. घाऊक मालाच्या तलवारीला तो खर्च बहुधा तलवारीच्या किमतीहून जास्त येतो. आपल्याकडच्या सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे मात्र चुकूनही देऊ नका. चाकावर दोन मिनिटांत टोकाच्या कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. आणि झिलईचा विचार करण्याआधी धारेला काटकोनात जाणारी केसासारखी चीर शोधा. तिला हागिरे म्हणतात. ती असेल तर पातं तुटण्याच्या वाटेवर आहे, त्यावर खर्च करू नये.

अधिकृत शिक्कामोर्तब हवं असेल तर टोकियोत १९४८ साली स्थापन झालेली जपानी कला-तलवार जतन संस्था परीक्षण करून प्रमाणपत्र देते. पण त्यासाठी तलवार प्रत्यक्ष जपानात न्यावी लागते आणि तिथे पोचताच तिची सरकारी नोंदणी करावी लागते. इकडे शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. तलवार १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीही येते. घरात ठेवायला तुमच्या भागात परवाना लागतो का, हे पोलीस ठाण्यात विचारून ठेवा.

आजोबांच्या कागदपत्रांतही शोधा. १९४५ च्या शरणागतीत माउंटबॅटनचा आग्रह होता की जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी जाहीरपणे खाली ठेवाव्यात. त्या वेळी काही तलवारींना मूळ मालकाचं नाव लिहिलेली लाकडी पट्टी किंवा कापडाची चिठ्ठी बांधलेली असे. घरात जपानी अक्षरांचा तसा तुकडा सापडला तर तलवारीसोबतच ठेवा. ‘फालतू कागद’ म्हणून असे तुकडे रद्दीत गेलेले मी पाहिले आहेत.

तोवर सांभाळायचं एवढंच. पात्याला बोटं लावू नका, घामाचा ठसा गंजतो. मऊ सुती कापडाने पुसून शिलाई मशीनच्या हलक्या तेलाचा पुसटसा हात द्या. खोबरेल किंवा तिळाचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं. नाकागोला तेल लावायचं नाही. पावसाळ्यात म्यानावरचं चामडं काढून ठेवा, ते ओल धरतं.

पुढच्या वेळी फोटो काढाल तेव्हा पूर्ण पातं एका चौकटीत, मागे काळं कापड. नाकागोच्या दोन्ही बाजू आडव्या प्रकाशात. आणि टोकाचा एक फोटो अगदी जवळून, कारण हामोन टोकात कसा वळतो यावरून बरंच कळतं. मूठ परत बसवताना ती बांबूची छोटी खुंटी, मेकुगी, आठवणीने लावा. सबंध पातं तिच्यावरच मुठीत अडकलेलं असतं. हरवली असेल तर नवी बसवल्याशिवाय तलवार म्यानाबाहेर काढू नका, विशेषतः घरात मुलं असताना.